वडिलांच्या आठवणीसाठी राजगडावर पाटी आणि झाड लावायचं आहे, ते कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले, आयुष्यभर सह्याद्रीत फिरले, मुलानातवंडांनाही सोबत घेऊन फिरले. आता वर्षश्राद्धाला राजगडावर त्यांच्या नावाची पाटी लावावी, एक झाड लावावं आणि त्याच्या मातीत थोडी रक्षा मिसळावी, अशी आईची इच्छा आहे.

झाड जरूर लावा. पाटी मात्र नको, आणि झाडही गडावर नको, पायथ्याला लावा. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. तिथे परवानगीशिवाय खणता येत नाही, पाटी ठोकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी माच्यांवर माती पातळ, खाली कातळ, पावसाळ्यात वारा रोप गदागदा हलवतो. आणि मार्चनंतर दर आठवड्याला पाणी वर कोण चढवणार? ज्या माणसाच्या नावानं रोप लावलं, ते वाळलेलं बघणं घरच्यांना फार जड जातं. म्हणून जागा निवडताना एवढंच विचारा: इथे तीन उन्हाळे पाणी कोण घालेल?

गुंजवणे, पाल, वाजेघर, भुतोंडे या गावांकडून गडावर वाटा जातात. बाबा ज्या वाटेनं जास्त चढले, त्या वाटेचं गाव घ्या. ते ज्यांच्याकडे हमखास थांबायचे असं एखादं घर असेल, तर त्यांच्या परसासारखी जागा नाही. दुसरी चांगली जागा म्हणजे शाळेचं आवार. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा होकार लेखी घ्या. शाळेत एक गोष्ट नेहमी चुकते. ऐन मे महिन्यात शाळा बंद असते आणि रोप तेव्हाच जातं. त्या दीड महिन्यासाठी गावातल्याच कुणाला तरी महिन्याचे पैसे ठरवून द्या. गायरानासाठी ग्रामपंचायतीचं पत्र लागतं, वनजमिनीसाठी वन विभागाची परवानगी.

झाड कोणतं? माझी पहिली पसंती जांभळाला. या पावसात आणि मातीत ते मूळचंच आहे, बारमाही सावली देतं, आणि फळाचं झाड गाव सहसा तोडत नाही. बाबांना फुलोरा आवडत असेल तर बहावा, ऐन उन्हाळ्यात पिवळाधमक होतो. हिरडा, आपटा, पांगारा हेही चालतील. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सह्याद्रीवर जीव असलेल्या माणसाच्या नावानं ती लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. बाबांनीच कुठे जांभूळ लावलेलं असेल, तर त्याच्या बियांपासून रोप करा. पण बी ताजं असतानाच पेरा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही.

आता वेळ. तिथी मार्गशीर्षात, म्हणजे पाऊस संपल्यावर. त्या दिवशी लावलेल्या रोपाला मुळं धरायच्या आतच उन्हाळा गाठतो. म्हणून लागवड त्याआधीच्या जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा आणि तिथीच्या दिवसासाठी वेगळं काम ठेवा, ते पुढे सांगतो.

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्या. वरची एक फूट माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. जूनच्या सुरुवातीला वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. शेणखत अर्धंकच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते.

रक्षा याच वेळी मिसळा, पण एक वाटीच, आणि खड्ड्याच्या सगळ्या मातीत. हाडांच्या रक्षेत कॅल्शियम आणि फॉस्फरस असतो हे खरं, पण क्षारही बरेच असतात आणि चितेची राख अल्कधर्मी असते. सगळी एके ठिकाणी मुळाशी ओतली तर कोवळी मुळं करपतात. जूनमध्ये मिसळली की पहिल्या पावसांत बराचसा क्षार धुऊन जातो. उरलेल्या रक्षेचं घरच्या रीतीप्रमाणे करा. शेतकरी घरांत अनेक जण हल्ली ती नदीत न सोडता शेतातच घालतात.

रोप चार-पाच फुटी, अंगठ्याएवढ्या खोडाचं घ्या. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असेल तर नको. लावताना पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. पिशवीतली मातीची पातळी जमिनीशी जुळली पाहिजे, खोड गाडलं गेलं तर साल कुजते. इथे पाऊस मुसळधार, म्हणून बुंध्याभोवती बाहेर उतरता मातीचा उंचवटा करा, पाणी साचायला नको, पण खोडावर माती चढू देऊ नका. वारा येतो त्या पश्चिमेच्या अंगाला बांबू रोवा आणि सुतळीचा सैल, इंग्रजी 8 च्या आकाराचा वेढा द्या. भोवती काटेरी फांद्यांचं किंवा जाळीचं कुंपण लगेच, त्याच दिवशी. शेळ्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत.

आणि एक नव्हे, तीन रोपं लावा, २०-२५ फुटांच्या अंतरानं. एकावरच सगळ्यांचं मन गुंतलं आणि ते गेलं, तर आईला ते दुःख पुन्हा सोसावं लागेल. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या जुलैत त्याच जातीचं लावता येतं.

वर्षश्राद्धाचं काम म्हणजे रोपाची उन्हाळ्याची तयारी, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाला हात लावता येतो. पावसाळ्याचा उंचवटा मोडून दीड फूट त्रिज्येचं आळं करा. खोडापासून फूटभर अंतरावर आठ-दहा लिटरचं, रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. पाणी मडक्याच्या अंगच्याच बारीक छिद्रांतून मुळांपर्यंत झिरपत राहतं. पाण्यातल्या क्षारानं छिद्रं बुजतात, तेव्हा दरवर्षी तिथीला मडकं बदला. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. भोवतीचं गवत चार-पाच फुटांपर्यंत छाटून जमीन उघडी ठेवा. जानेवारीपासून डोंगरात वणवे लागतात.

होळीपर्यंत आठवड्यातून एकदा मडकं भरून आळ्यात एक बादली, त्यापुढे पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा. घरच्यांनी महिन्यातून एक खेप वाटून घ्या, गावातला माणूस नेमला असला तरीही. बांबू दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढा, जास्त दिवस ठेवला तर खोड आधारालाच सरावतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचं अंतर दहा दिवस, तिसऱ्यात पंधरा करा. चौथ्या वर्षी शेंडा हिरवा असेल तर मडकं काढलं तरी चालेल.