स्मार्टफोन असताना हातातले गेमिंग कन्सोल टिकू शकतात का?

टिकू शकतात, आणि टिकलेही आहेत. मात्र फोनच्या फुकट गेमशी किमतीत झुंज घेतली की हरतात.

२०११ मध्ये निन्टेन्डोचा थ्रीडीएस आला आणि काही महिन्यांतच जपानमध्ये त्याची किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली. सोनीचा व्हिटा त्याहून ताकदवान होता, पण त्याची खास मेमरी कार्डं महाग आणि पुढे खुद्द सोनीनेच त्यासाठी मोठे गेम बनवणं सोडलं. २०१९ मध्ये तो बंद पडला. हा प्रकार आता संपला, असं २०१७ च्या आधीच अनेकांना वाटू लागलं होतं.

पण २०१७ मध्ये आलेला निन्टेन्डोचाच स्विच १५ कोटींहून जास्त विकला गेला! माझ्या मते त्यामागचं मुख्य कारण गेमच आहेत. ‘झेल्डा’सारखा मोठा गेम घरी टीव्हीवर खेळायचा आणि तोच पुढे प्रवासात चालू ठेवायचा, ही सोय फोनने दिली नाही. शिवाय खरी बटणं. फोनवर आपलेच अंगठे स्क्रीन झाकतात, आणि मध्येच कोणाचा तरी कॉल येतो. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकने तर पीसीवरचे गेम हातात आणले.

भारतात अडचण वेगळी आहे. इथे स्विच वर्षानुवर्षं आयात करणाऱ्या दुकानदारांकडूनच घ्यावा लागला, त्यामुळे किंमत चढी आणि वॉरंटीची खात्री नाही. तुम्ही मित्रांबरोबर बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) हाच गेम खेळत असाल, तर फोन पुरेसा आहे. कथा असलेले लांबलचक गेम आवडत असतील, तर वापरलेला स्विच लाइट (टीव्हीला न जोडता फक्त हातात खेळायचा छोटा स्विच) आधी बघा.