धावण्यासाठी नोकरी सोडावी का?

कळव्याच्या एका धावपटू वाचक भगिनीने लिहिले आहे की, त्यांचे वय २३ असून त्या १०,००० मीटर आणि अर्धमॅरेथॉन धावतात. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आहे. ऐरोलीतील २८ हजारांची नोकरी सोडून, साठवलेल्या ६ लाखांवर दोन वर्षे पूर्णवेळ सराव करावा का, आणि पैसे कमी पडल्यास वडिलांची मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण दरमहा २० हजार खर्च धरला आहे. त्यात आहार, प्रशिक्षक आणि प्रवास आहे, पण बूट नाहीत. आठवड्याला १४० किलोमीटर धावणाऱ्याचा जोड साधारण ७०० किलोमीटरनंतर, म्हणजे पाच आठवड्यांत, निकामी होतो. वर्षाला दहा जोड आणि एकाची किंमत दहा हजार धरली, तरी दोन वर्षांत दोन लाख होतात. एकूण खर्च ६ लाख ८० हजारांवर जातो, आणि यात दुखापतीसाठी एक रुपयाही धरलेला नाही. हाडाला ताणामुळे बारीक तडा गेला, तर सहा ते आठ आठवडे धावणे बंद राहते. शिवाय राजीनाम्यासोबत कंपनीचा आरोग्य विमाही संपतो.

मला त्याहून मोठी चिंता वयाची वाटते. लांब पल्ल्याच्या धावपटूची उत्तम कामगिरी बहुधा पंचविशीनंतर होते, तर रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील खुल्या भरतीला साधारणपणे २५ वर्षांची मर्यादा असते आणि तीत सवलत मिळत नाही. आपण मागत असलेली दोन वर्षे नेमकी हीच आहेत. धावपटू ललिता बाबर रेल्वेच्या नोकरीत असतानाच २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस (अडथळे ओलांडत धावण्याची शर्यत) अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. पगाराचा आधार असल्यावर सरावाला उसंत मिळते, हे मी मनापासून सांगतो.

म्हणून आज राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदकाचे प्रमाणपत्र घेऊन रेल्वेच्या जाहिरातींतील पात्रता तपासावी व अर्ज करावेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाचीही चौकशी करावी. दरम्यान, कंपनीकडे मोठ्या स्पर्धेआधीच्या तीन महिन्यांची बिनपगारी रजा लेखी मागावी. ६ लाखांपैकी दीड लाख आणीबाणीसाठी वेगळे ठेवून स्वतःच्या नावाने आरोग्य विमा आताच घ्यावा, कारण नव्या पॉलिसीत काही आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. वडिलांच्या ठेवीला मात्र हात लावू नये. त्यांच्या उतारवयाची ती तरतूद आहे आणि मोडल्यास व्याजही घटते.