मशीन नंतर बघू, आधी तो फॉर्म काढा

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. मागच्या महिन्यात हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन द्यायला सांगितलं. सध्या सिलिंडरवर भागवतोय. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं, सोबत नेता येणारं मशीन) घ्यायचा म्हटलं तर सहा महिन्यांचा घरखर्च जाईल. त्यासाठी अडीअडचणीची ठेव मोडू का? ती सात महिने पुरेल एवढी आहे. दहा दिवसांपूर्वी बाबांच्या नावे विमा-कम-गुंतवणूक पॉलिसीही घेतली; पाच वर्षांनी तिच्यातून ठेव भरून निघेल. फॉर्म एजंटानेच भरला.

उत्तर : शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. त्या फॉर्मवर सीओपीडी लिहिलंय का? आजच प्रत काढून बघा. ‘आजार नाही’ असं लिहिलं असेल, तर हप्ते तुम्ही भराल आणि दाव्याच्या वेळी कंपनी बोट दाखवेल ते त्या ओळीवर. सही बाबांची आहे, एजंटाची नाही. आणि खरं लिहिलं असलं तरी ७१ व्या वर्षी विम्याचा खर्च हप्त्यातूनच कापला जातो. पाच वर्षांत ठेव भरून निघेल ही निव्वळ आशा. घर चालतंय तुमच्या कमाईवर, आणि विमा काढलात बाबांचा! पॉलिसी परत करण्याची मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्या. तो हप्ता ऑक्सिजनला लागणार आहे.

आता मशीन. ठेव मोडू नका. दुखणं बळावलेलं असताना लिहून दिलेला ऑक्सिजन ६० ते ९० दिवसांनी पुन्हा तपासायचा असतो. काहींना तेव्हा त्याची गरज उरलेली नसते. तोवर घरी ठेवायचं साधं, वीजेवरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन भाड्याने घ्या. ३५० वॅट धरले तर १५ तासांना रोज पाचेक युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. हा खर्च आत्ताच मांडून ठेवा, बिल आल्यावर नको.

छोटी पोर्टेबल मशीन बहुधा श्वास घेतला की तेवढ्यापुरता झोत सोडतात. त्यावरचा २ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. झोपेत श्वास उथळ झाला की काहींना तो पकडताच येत नाही. बॅटरी चार तास चालली तर १५ तासांना चार बॅटऱ्या! म्हणजे ते घेतलंत तरी रात्रीसाठी साधं लागेलच. हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही.

फेरतपासणीत गरज कायम निघाली आणि बाबा खरंच बाहेर पडत असतील, तर तेच मॉडेल नाकाला लावून त्यांना डॉक्टरांसमोर सहा मिनिटं चालवा. ऑक्सिमीटरचा आकडा टिकला तरच पैशांचं बोलू.