टेप उतारावर धरू नका

महाबळेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून एका वाचकांनी लिहिलं आहे. वाडीच्या वरच्या अंगाला, वळणावर, पावणेदोन एकर स्ट्रॉबेरीच्या शेतात मोठा पेट्रोल पंप येतो आहे. सोबत बस-ट्रक थांबवायला जागा आणि खाण्यापिण्याची दुकानं. जिल्हाधिकारी कार्यालयाचा जाहीरनामा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला असून हरकतीला बारा दिवस उरले आहेत. ग्रामपंचायतीने मात्र गेल्या वर्षीच मासिक सभेत ना हरकत देऊन टाकली. यांचं घर त्या जागेच्या हद्दीपासून ४० मीटरवर, शाळा त्याच्या थोडी पुढे, आणि खाली वाडीचा पिण्याच्या पाण्याचा झरा. घरामागे तीन खोल्यांचा होमस्टे आहे, तो ‘कच्च्या परवानगीवर’. मोर्चा काढावा, की सिव्हिल कोर्टातून मनाई आणावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सध्या दोन्ही नको. मोर्चा नंतरही काढता येईल, पण हे बारा दिवस परत येणार नाहीत.

पंपाचा परवाना पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांखाली मिळतो. तो देणारी ‘पेसो’ ही पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात. पण पेसोकडे जाण्याआधी नियम १४४ प्रमाणे जिल्हा प्राधिकाऱ्याचा, म्हणजे तुमच्याकडे साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा, ना हरकत दाखला लागतो. तहसीलदार, पोलीस, बांधकाम विभाग, नगररचना यांचे अहवाल त्याच फाइलमध्ये गोळा होतात. एकदा दाखला दिला की तो रद्द करण्याची तरतूद नियम १५० मध्ये आहे, पण ती अगदी अरुंद आहे. परवानाधारकाचा त्या जागेवरचा हक्क संपला तरच तिचा उपयोग. शाळा जवळ आहे, झरा आहे, ही कारणं त्यात बसत नाहीत. लोक माझ्याकडे बहुतेक वेळा टाक्या पुरल्यावर येतात. तुम्ही जाहीरनाम्याच्या टप्प्यावर आला आहात, त्यामुळे अर्धं काम सोपं झालं आहे.

आता अंतराचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्याने ठरवलेलं निवासी क्षेत्र यांपासून पंप ५० मीटरच्या आत नको. अगदीच अडचण असेल तर पेसोने सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येतं, पण ३० मीटरच्या खाली कुठल्याही परिस्थितीत नाही.

हे ५० मीटर कुठून मोजायचे? तुम्ही हद्दीपासून मोजलेत, तिथेच तुमची हरकत लंगडी पडते. मोजायचं ते टाकी भरण्याचं तोंड, डिस्पेन्सर (गाडीत इंधन भरायचं यंत्र) किंवा व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारी नळी) यांपैकी जे सर्वात जवळ असेल तिथून. पावणेदोन एकरात अर्जदार ही तिन्ही यंत्रं रस्त्याच्या बाजूला सरकवून तुमच्या घरापर्यंतचं अंतर चाळीसवरून सहज सत्तरवर नेऊ शकतो. म्हणून आधी नकाशा हातात घ्या. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि प्रती मागण्याबरोबर फाइल पाहण्याचीही मागणी करा. तीस दिवसांची मुदत तुम्हाला परवडणारी नाही, म्हणून हरकतीच्या अर्जातच ‘प्रस्तावित नकाशाची प्रत मिळेपर्यंत सुनावणी ठेवू नये’ असं लिहा. असं लिहिलेलं वाया जात नाही. पुढे उच्च न्यायालयात ‘आम्हाला नकाशाच दाखवला नाही’ म्हणताना हाच कागद पुढे करता येतो.

आणि डोंगरातली एक खास भानगड. एका प्रकरणात मी स्वतः जागेवर गेलो होतो. अर्जदाराच्या माणसाने टेप जमिनीलगत, उताराला चिकटवून धरली आणि ‘बघा साहेब, एक्कावन्न’ म्हणून मोकळा झाला. जमिनीची मोजणी आडव्या पातळीत होते, उतारावर नाही. २५ अंशांच्या उतारावर टेपने पन्नास भरले तर नकाशावर ते पंचेचाळीसच्या आसपास येतात. त्या पाच मीटरवर अख्खी केस फिरते. भूमी अभिलेख कार्यालयाकडे संयुक्त मोजणीची मागणी करा आणि मोजणीच्या दिवशी दोन जाणती माणसं उभी ठेवा.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो, कारण समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. सूचनेत ‘निवासी क्षेत्र’ म्हणजे स्थानिक कायद्याने तसं ठरवलेलं. तुमची वाडी प्रादेशिक योजनेत गावठाणात दाखवली आहे की शेती विभागात? शेती विभागात विखुरलेली घरं असतील तर ‘घर जवळ आहे’ हा मुद्दा एकटा टिकेल याची खात्री मी देणार नाही. शाळेला मात्र झोनची अट नाही. तेव्हा पहिला मुद्दा शाळेचा, घराचा दुसरा. नगररचना कार्यालयातून गट क्रमांकाचा झोन दाखला आजच मागवा.

हाच झोन दाखला तुमच्या बाजूनेही बोलू शकतो, आणि माझ्या मते तुमची खरी ताकद इथेच आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला आहे. फळबागा, शेती असे हिरवे वापर बदलून तिथे बिगर-हिरवे वापर आणायला त्या अधिसूचनेत मनाई आहे. मर्यादित सवलत आहे ती स्थानिक रहिवाशांच्या घरांच्या गरजेपुरती. तीव्र उतारावरच्या बांधकामालाही तिथे आडकाठी आहे. स्ट्रॉबेरीच्या शेतात बसथांबा आणि दुकानांसकट पंप हा स्थानिकांच्या घराच्या गरजेत कसा बसतो, हे अर्जदाराने सांगावं. एन.ए.च्या, म्हणजे बिगरशेती वापराच्या, परवानगीवर फार जोर देऊ नका, त्याचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. जोर द्या तो या अधिसूचनेवर. तिच्या अंमलबजावणीसाठीच्या उच्चस्तरीय देखरेख समितीला हरकतीची प्रत पाठवा. समितीची मुदत चालू आहे की संपली आहे, तेवढं मात्र आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

झऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, तिथे जास्त लिहायला हवं होतं. तुमच्याकडे वर जांभा, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून मुरतं, कातळावर अडतं आणि कडेला झरा होऊन फुटतं. जांभ्यात मुरेल ते सगळं झऱ्यातही उतरणार. टाकीला गळती लागली तर ती डोळ्यांना दिसणार नाही, आधी पाण्याला वास येईल. हे तुम्ही म्हणून भागणार नाही. साताऱ्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामसभेच्या ठरावाने पाहणीची मागणी करा, भूवैज्ञानिकाचा दोन पानांचा अहवाल शंभर सह्यांपेक्षा जड असतो. आणि झऱ्याच्या पाण्याची तपासणी आत्ताच, पंप नसताना करून ठेवा. उद्या तुलना करायला आजचा आकडा हवा.

ग्रामपंचायतीची जुनी ना हरकत फार मनावर घेऊ नका. ती मासिक सभेत दिली, ग्रामसभेत नाही. ग्रामसभेची तारीख मिळवा, विषय नोटिशीत आणा आणि विरोधाचा ठराव घ्या. त्या ठरावाने जिल्हाधिकारी बांधले जात नाहीत, पण ग्रामपंचायतीची संमती आहे हे वाक्य अर्जदाराच्या तोंडून जातं. जागेचा सातबारा तुम्ही जोडला नाहीत. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी, जमीन असेल, किंवा त्यावर बहिणी-आत्यांची नावं असतील, तर गोष्ट वेगळीच होईल. तो मिळाला की पाठवा.

सिव्हिल कोर्टाचं म्हणाल, तर पर्यावरणाचे जे वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातात ते दिवाणी न्यायालयाने ऐकायचे नाहीत, असं त्या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याचं कलम २९ सांगतं. तिथे दावा टाकलात तर पहिलं वर्ष अधिकारक्षेत्राच्या वादात जाईल. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. कलम १४ खाली वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, योग्य कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळतात. मात्र एक लक्षात घ्या: न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षण कायदा आहे, पेट्रोलियम कायदा नाही. म्हणून तिथे अधिसूचनेचा भंग, झरा, ५० मीटर हे मांडायचं. जिल्हाधिकाऱ्यांनी तुम्हाला न ऐकताच दाखला दिला, ही तक्रार उच्च न्यायालयात रिट अर्जाने न्यायची. साताऱ्याचे अर्ज १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तुमचा एक प्रवास वाचला.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगतो. घाटाखालचा कुणी पंपवाला ‘खर्च मी करतो’ म्हणून भेटला तर चहा पाजून परत पाठवा. प्रतिस्पर्ध्याच्या हेतूकडे न्यायालयं वाकड्या नजरेने बघतात. नव्या चित्रपटगृहाच्या ना हरकतीला जुन्या चित्रपटगृहाच्या मालकाने दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये, तुम्ही बाधित व्यक्ती नाही, म्हणून फेटाळलं होतं. तुम्ही शेजारी आहात, तुमचा हक्क स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या पैशाने तो डागाळू नका.

आणि त्या तीन खोल्या. ‘कच्ची परवानगी’ असा प्रकार कायद्यात नाही. ज्या अधिसूचनेच्या जोरावर तुम्ही पंप अडवणार, तिच्याच कक्षेत तुमचा होमस्टेही येतो. तुमचं नाव अर्जावर पहिलं असेल तर अर्जदाराचं पहिलं पत्र तुमच्या खोल्यांबद्दल तहसीलदारांना जाईल, आणि तुम्ही सुनावणीऐवजी नोटिशीचं उत्तर लिहीत बसाल. त्या नियमित होतात का, हे वेगळं बघू. तूर्त अर्जावर पहिली सही शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची घ्या, दुसरी झऱ्याचं पाणी भरणाऱ्या एखाद्या बाईंची. तुमची सही खाली कुठेतरी चालेल. हरकत टपालाने पाठवू नका, साताऱ्याला जाऊन आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि तिचा फोटो मला पाठवा.