लॅपलँडला दोघंच जाताय?

फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँडबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आणि जवळजवळ सगळी जोडप्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आम्हाला नॉर्दर्न लाइट्स (उत्तर ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) बघायचे आहेत आणि बर्फात मनसोक्त हुंदडायचंही आहे. यांचं म्हणणं, नाताळात जाऊ. मला मार्च बरा वाटतो. कोणाचं बरोबर?

उत्तर: तुमचं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लॅपलँडमधल्या मुख्य शहरात, रोवानिएमीला, दिवस जेमतेम सव्वादोन तासांचा असतो. आणखी उत्तरेला, इव्हालो आणि इनारीच्या पट्ट्यात, डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. फिनिश लोक या काळाला ‘कामोस’ म्हणतात. म्हणजे चोवीस तास मिट्ट काळोख असतो असं नव्हे. साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान निळसर संधिप्रकाश पसरतो आणि तो फार देखणा असतो. पण बाहेरचं सगळं त्या तीन तासांत उरकायचं म्हटलं की सुट्टीची धावपळ होते.

अंधार जास्त म्हणून लाइट्स जास्त, हा हिशेब इथे चुकतो. हा प्रकाश जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून वर तयार होतो; ढग त्याच्या कितीतरी खाली. नोव्हेंबर-डिसेंबरात लॅपलँडचं आभाळ बरेचदा भरलेलं असतं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये निरभ्र रात्री जास्त मिळतात. शिवाय मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणजे लाइट्स दिसण्याची शक्यताही. मार्चच्या मध्याला दिवस बारा तासांचा, बर्फाचा थर भरपूर जाड आणि रात्री आठनंतर पुरेसा अंधार. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र रात्रीही आभाळ उजळ राहू लागतं.

एक अडचण आहे. फिनलंडच्या शाळांची हिवाळी सुट्टी वर्षाच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या आठवड्यात विभागून येते, म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला आठवडा. तेव्हा रात्रीच्या रेल्वेगाड्या आणि स्की-गावांतली घरं लवकर भरतात. ते दिवस टाळा.

यांना नाताळच हवा असेल तर एवढं सांगा: 24 डिसेंबरच्या दुपारपासून दुकानं बंद होऊ लागतात, बस-गाड्या विरळ होतात, बहुतेक हॉटेलांबाहेर जेवणही मिळत नाही आणि दर वर्षातले सर्वांत चढे असतात.

प्रश्न: हातात सात रात्री आहेत. हेलसिंकी, रोवानिएमी, लेवी, सारिसेल्का, इनारी अशी सगळी ठिकाणं बसतील का?

उत्तर: बसतील, पण धड काहीच बघून होणार नाही. लाइट्ससाठी एकाच ठिकाणी किमान चार रात्री हव्यात, कारण दोन रात्री ढगांना द्याव्या लागतील असंच धरून चालायचं. हेलसिंकीत एक, रोवानिएमीत दोन आणि सारिसेल्का किंवा इनारीत चार अशी विभागणी करा. लेवी सोडा, ते उत्तम स्की-गाव आहे, पण दुसऱ्या दिशेला.

हेलसिंकीहून रोवानिएमीला रात्रीची रेल्वेगाडी साधारण बारा तासांत पोचवते. दोघांच्या केबिनचे दोन प्रकार असतात. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये स्वतःचं टॉयलेट आणि शॉवर असतो, खालच्यांना सामाईक टॉयलेट. पैशांतला फरक सोसत असेल तर वरची घ्या. विमानाने दीड तासाच्या आत पोचता, पण गाडीत हॉटेलची एक रात्र वाचते. रोवानिएमीहून सारिसेल्काला बसने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. इनारी त्याच्याही पुढे, रोवानिएमीपासून सव्वातीनशे किलोमीटरवर.

रोवानिएमी हे मुळात शहर आहे, त्यामुळे दिव्यांचा उजेड भरपूर. आर्क्टिक वृत्ताची रेघ आणि सांताचं गाव शहरापासून आठ किलोमीटरवर. अर्धा दिवस पुरतो. आर्क्टिकुम संग्रहालय मात्र चुकवू नका. इनारीत सिइदा संग्रहालयात इथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचं जगणं समजून घ्या आणि मगच रेनडिअरच्या गाडीत बसा. त्या फेरीला अर्थ येतो.

प्रश्न: उणे पंचवीस अंशात टिकायला काय घालायचं? आम्ही दोघांसाठी दोन जाडजूड जॅकेटं बघून ठेवली आहेत.

उत्तर: जॅकेट ही शेवटची खरेदी. थंडीत माणूस गारठतो तो बहुतेक वेळा घामामुळे आणि पायांमुळे.

अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मलचा हवा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काहीही नको. सुती कापड घाम शोषून ओलं राहतं आणि तुम्ही थांबलात की अंगातली ऊब ओढून घेतं. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारं कवच. चालायला लागण्यापूर्वी एक थर काढा. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा. उलट लाइट्सची वाट बघत उभं राहायचं असेल, तर थंडी वाजण्याआधी, आत असतानाच, एक थर वाढवा.

बूट नेहमीपेक्षा एक ते दोन नंबर मोठे. आत एक पातळ आणि एक जाड लोकरीचा मोजा, आणि तरीही बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात तिसरा मोजा कोंबला की रक्त फिरत नाही, हवेचा थर उरत नाही आणि पाय उलट लवकर बधिर होतात. ही चूक सगळ्यांत जास्त होते. हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र ठेवणारे मिटन जास्त उबदार. आत पातळ लायनर (हातमोज्याचा आतला थर) घाला, म्हणजे फोन हाताळताना कातडी उघडी पडत नाही. कानातले डूल, धातूची साखळी, कडी काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीपर्यंत नेतो.

एकमेकांचे चेहरे दर दहा मिनिटांनी बघा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरट, बधिर ठिपका दिसला तर उघडा, कोरडा तळवा त्यावर धरून ऊब द्या. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. ठिपका जात नसेल तर आत जा. क्रीम लावल्याने चेहरा गोठत नाही हा गैरसमज आहे.

सफरीच्या कंपन्या जाड ओव्हरऑल, बूट, मिटन आणि हेल्मेट भाड्यातच देतात. त्यामुळे महागडं जॅकेट घेण्यापेक्षा तेच पैसे लोकरीच्या थर्मलच्या दोन जोड्यांवर घाला.

आणखी एक: थंड, शांत, निरभ्र रात्री जड हवा दरीत साचते आणि टेकडीच्या माथ्यापेक्षा नदीकाठी पारा बराच खाली असतो. मुक्काम खोलगट जागी असेल तर फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न: नवऱ्याला स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी मोटारगाडी) चालवायची आहे, मला भीती वाटते. हस्की कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी सोपी असते का?

उत्तर: सोपी म्हणता येणार नाही, तिथे इंजिन बंद करायची सोय नसते!

स्नोमोबाइलला अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल (वेग वाढवणारी कळ) उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो, अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी झाडाकडे झेपावते. म्हणून पहिली सवय अंगठा सोडण्याची. अंगठा सोडला की गाडी आपसूक मंदावते. वळणावर शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा आणि तोल जातोय असं वाटलं तरी पाय बाहेर टेकवू नका. मोडतो तो पाय. चालवणाऱ्याकडे वैध वाहन परवाना लागतो, हेल्मेट सक्तीचं आहे आणि वेगमर्यादा जमिनीवर ताशी 60, गोठलेल्या पाण्यावर 80 किलोमीटर आहे. दारू पिऊन चालवणं हा गुन्हा. गाडीचं नुकसान झालं तर किती रक्कम तुमच्या खिशातून जाईल, हे सही करण्याआधी वाचा. ती शेकड्यांत युरो असू शकते.

जाहिरातीतला दर बहुधा दोघांत एक गाडी असा असतो. अर्ध्या वाटेवर अदलाबदल करता येते, सक्ती नसते. मागे बसणाऱ्याला मात्र थंडी जास्त लागते, कारण तो काही करत नसतो. तुम्ही मागे बसणार असाल तर एक थर जास्त घाला आणि पहिल्यांदा दोन तासांहून मोठी सफर घेऊ नका.

हस्कींच्या गाडीत एक जण घसरपट्ट्यांवर उभा राहून हाकतो, दुसरा आत बसतो. सुटण्याआधी कुत्रे कान किटतील इतकं भुंकतात आणि पळू लागले की एकदम गप्प. थांबलेले असताना दोन्ही पाय ब्रेकवर. उतारावर हलका ब्रेक, नाहीतर गाडी मागच्या कुत्र्यांच्या पायांवर जाते. चढावर एका पायाने ढकला. पडलात तरी हात सोडायचा नाही, कारण कुत्रे थांबत नाहीत. बहुतेक लोक पडतात ते सुटल्यानंतरच्या पहिल्याच वळणावर, हात हलवून फोटो काढून घेताना.

प्रश्न: काचेचा इग्लू की बर्फाचं हॉटेल? दोन्ही महाग आहेत.

उत्तर: दोन्हीपैकी एकच, आणि एकच रात्र. काचेच्या इग्लूत उबदार पलंगावरून आभाळ दिसतं. काच गरम होत असल्याने बर्फ साचत नाही. पण आभाळ ढगाळ असेल तर तुम्ही भरपूर पैसे मोजून ढग बघता, आणि ही खोली महिनोन् महिने आधी ठरवलेली असते. शेजारच्या इग्लूतून आत किती दिसतं आणि शॉवर खोलीत आहे की दुसऱ्या इमारतीत, हे आधी विचारून घ्या.

बर्फाच्या हॉटेलात, बाहेर उणे तीस असलं तरी, आत शून्य ते उणे पाचच्या आसपास असतं, कारण बर्फ उत्तम उष्णतारोधक. जाड स्लीपिंग बॅगेत फक्त थर्मल, कोरडे लोकरी मोजे आणि टोपी घालून शिरा. जास्त कपडे घातलेत तर घाम येतो आणि ओलसर कपड्यांत थंडी वाजते. सकाळचे कपडे बॅगेतच तळाशी ठेवा. टॉयलेट गरम इमारतीत, म्हणजे बाहेरून चालत जावं लागतं. तेव्हा झोपण्याआधीचा चहा सोडा. दोघांची मिळून एक बॅग हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा.

प्रश्न: सॉना (फिनिश पद्धतीची तापवलेली खोली) नवरा-बायकोला एकत्र घेता येतो का? कपडे घालायचे की नाहीत?

उत्तर: सार्वजनिक सॉनात बायका-पुरुष बहुधा वेगळे आणि विवस्त्र बसतात, एकत्र असेल तर पोहण्याचे कपडे. संकोच वाटत असेल तर हॉटेलातला सॉना तासाभरासाठी तुमच्यापुरता ठरवा, किंवा सॉना असलेलं लाकडी घर भाड्याने घ्या. लॅपलँडमधल्या बहुतेक घरांत असतोच. आधी अंघोळ, मग बाकावर टॉवेल अंथरून बसा. तापमान 80 ते 90 अंश असतं, आणि वरचा बाक सर्वांत गरम, म्हणून सुरुवात खालून. दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला ‘लोयल्यू’ म्हणतात. टाकण्याआधी इतरांना विचारणं ही रीत. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, मग पुन्हा. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर गोठलेल्या तळ्यातल्या भोकात उडी मारण्याचा मोह आवरा.

प्रश्न: आम्ही दोघंही शाकाहारी. उपासमार होईल का?

उत्तर: नाही. मेनूत ‘कास्विस’ म्हणजे शाकाहारी, ‘वेगानी’ म्हणजे वीगन. अडतं ते सफरीच्या जेवणात, कारण शेकोटीवरचं सूप बहुधा सॅल्मन माशाचं असतं. बुकिंगमध्येच लिहून कळवा, तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नाही. नळाचं पाणी थेट प्या.

प्रश्न: भाड्याने गाडी घ्यावी का? बर्फात चालवण्याची सवय नाही.

उत्तर: सवय नसेल तर फक्त बस आणि सफरी यांवर भागतं. घेतलीच तर गाडीला हिवाळी टायर असतातच. सर्वांत निसरडा रस्ता उणे वीसला नव्हे, शून्याच्या आसपास मिळतो, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा थर असतो. लाकडाच्या ट्रकमागे उडणाऱ्या बर्फाच्या धुळीत ओव्हरटेक करू नका. एक रेनडिअर रस्त्यावर दिसला की मागे आणखी असतातच. वेग कमी करा, थांबा. धडक बसलीच तर 112 ला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पार्किंगच्या खांबावर प्लग दिसेल, तो इंजिन गरम करायचा. खांबावरचं घड्याळ निघण्याच्या वेळेला लावा, म्हणजे त्याआधी वीज सुरू होते. सकाळी ती वायर काढायला विसरून गाडी सुरू करणारे दर हिवाळ्यात सापडतात, आणि वायर तुटल्याचे पैसे भाडेकरूच्या नावावर चढतात.

प्रश्न: मोबाइलने लाइट्सचा फोटो येईल?

उत्तर: नव्या फोनच्या नाइट मोडमध्ये येईल, पण फोन ट्रायपॉडवर हवा. कॅमेऱ्यात फोकस अनंतावर, छिद्र (अॅपर्चर) शक्य तितकं उघडं, आयएसओ 1600 ते 3200 आणि शटर पाच ते पंधरा सेकंद. लाइट्स वेगात नाचत असतील तर त्याहून कमी. मंद लाइट्स डोळ्यांना राखाडी ढगासारखे दिसतात, हिरवेपणा कॅमेराच आधी पकडतो. म्हणून शंका आली की एक फोटो काढून बघा. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत बंद करा. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडली नाही, तर लेन्सवर दव धरत नाही.