ओळखू आला नाही, तर तसंच लिही

प्रिय दोस्ता,

वसंतातलं गरुडांचं स्थलांतर मोजायला बसणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. दुर्बीण कोणती घ्यावी, असं विचारलं आहेस. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी कुठलीही बरी दुर्बीण चालेल. मला काळजी आहे ती तुझ्या वहीची.

दर तासाची नोंद वेगळी कर. किती वाजता सुरुवात केली, किती जण पाहत होते, वारा कुठून होता, ढग होते का, हे सगळं पक्ष्यांच्या आकड्याइतकंच मोलाचं आहे. तासभरात एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिही, जागा कोरी सोडू नकोस. पुढं कुणी दोन वर्षांची तुलना करील, तेव्हा गरुड घटले की पाहणाराच जागेवर नव्हता, हे त्या शून्यावरूनच कळेल.

हे जड पक्षी फारसे पंख मारत नाहीत, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. मोठ्या पाण्यावर ती हवा मिळत नाही, म्हणून ते किनाऱ्याच्या कडेनं किंवा चिंचोळ्या भूभागावरून जातात. अमेरिकेत उत्तरेकडं निघालेल्या पक्ष्यांना ओंटारिओ सरोवर आडवं येतं, म्हणून त्याच्या काठच्या डर्बी हिल या टेकडीवर वसंतात दक्षिणेचा वारा सुटला की आकाश भरून येतं. भर दुपारी मात्र ते इतके उंच जातात की निरभ्र निळ्या आकाशात नजरेतून निसटतात. मागं पांढरा ढग असला की ठिपका सापडतो.

घिरट्या घालणारा थवा मोजायचा मोह आवर. तिथं एकच पक्षी तीनदा मोजला जातो. घिरट्या संपवून ते ओळीनं पुढं सरकू लागतात, तेव्हा मोज.

ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी गरुड’ लिही. शेजारचा अनुभवी माणूस ठामपणे नाव सांगत असला तरी तुला दिसलं तेवढंच लिही. वय मात्र जमेल तिथं जरूर नोंदव. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटन या डोंगरावर १९३४ पासून शरद ऋतूत मोजणी होते. तिथं दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत १९३५ ते १९३९ दरम्यान ४० टक्के त्याच वर्षीची पिल्लं होती, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्केच उरली. मोठे गरुड दिसत होते, पण पिल्लं वाढत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ साली हाच पुरावा मांडला. नुसती बेरीज लिहिली असती, तर हे दिसलंच नसतं.

वसंताचे आकडे शरदाच्या आकड्यांशी ताडून पाहू नकोस. घरट्याची घाई असलेले प्रौढ आधी परततात, लहान मागून येतात, काही तर हिवाळी मुलखातच राहतात. जातींचे हंगामही वेगळे असतात. इस्रायलमधल्या एलातवरून स्टेप गरुड फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात, मोहोळघारींचे मोठे थवे मेच्या सुरुवातीला. गरुड ओसरले म्हणून एप्रिलमध्ये मोजणी थांबवलीस, तर मोहोळघारी त्या वर्षी गेल्याच नाहीत असं तुझी वही सांगेल. म्हणून शेवटची तारीख आत्ताच ठरव आणि तोवर जागेवर बसायला आणखी दोघं-तिघं तयार कर.

तुझा,
काका