बंदूक आधी ठाण्यात, वारसाचं नंतर

"आम्ही रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. सासरे वारले त्याला सात महिने झाले. त्यांच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी अजून मधल्या घरात खुंटीला आहे, काडतुसं कपाटात. वादळात बाग आडवी झाली तेव्हापासून यांचं पिणं वाढलंय. 'मी नसलो तर तुम्ही सुटाल,' असं दोनदा म्हणाले. मुलगा चौदा वर्षांचा आहे. दीर म्हणतात, बंदूक घराण्याची शान आहे, पुतणीच्या हळदीला दोन बार काढू. बंदूक घरातून काढा म्हटलं की सासूबाई रागावतात. काय करू?"

ताई, तुम्ही बंदुकीबद्दल आधी लिहिलंत आणि यजमानांचं वाक्य मध्येच कुठेतरी टाकलंत. मला ते वाक्य पहिलं वाटतं. ते दारूच्या भरात बोलले असतील, तरी हलक्यात घेऊ नका. अशा मनःस्थितीतली वाईट घटका पुष्कळदा थोडाच वेळ असते, टळली की माणूस सावरतो. त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. म्हणून बंदूक याच आठवड्यात घराबाहेर जायला हवी. वारस कोण, शान कुणाची, हे त्यानंतर बोलू.

ती तुम्ही स्वतः उचलून नेऊ नका. परवाना सासऱ्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आज ती बंदूक घरात असणंच बेकायदा आहे आणि पिशवीत घालून एसटीनं नेणं तर आणखी वाईट. शेजारी किंवा माहेरी ठेवायला देऊ नका, ते त्यांच्या अंगाशी येईल. तुमच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज लिहा: परवानाधारक अमुक तारखेला वारले, शस्त्र आणि इतकी काडतुसं घरात आहेत, जमा करून घ्यावीत, घरी माणूस पाठवावा. सोबत मृत्यू दाखल्याची आणि परवाना पुस्तिकेची प्रत जोडा. सात महिने उशीर झाला म्हणून घाबरू नका. आपण होऊन जमा करणं आणि कुणीतरी टीप दिल्यावर सापडणं यात फार फरक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. यातलं एक जरी राहिलं तरी पुढे परत घेताना खेटे घालावे लागतात.

तोवर यजमान शेतात असताना काडतुसं लोखंडी पेटीत कुलूपबंद करा, किल्ली तुमच्यापाशी. फवारणीची औषधंही त्याच वेळी कुलपात घाला. ते विसरू नका, आपल्याकडे धोका बंदुकीपेक्षा त्या डब्यांचा जास्त असतो.

बंदुकीला मात्र हात लावू नका. ती भरलेलीच आहे असं धरून चाला. बाहेर घोडे (काडतुसाला ठोका देणारे हातोडे) न दिसणाऱ्या दुनळीत नळ्या बिजागरीवर खाली वाकवून परत बंद केल्या की आतले घोडे आपोआप चढतात, म्हणजे बार काढायला तयार होतात, बाहेरून काही कळत नाही. वरचा सेफ्टीचा खटका बऱ्याच जुन्या बंदुकांत फक्त चाप अडवतो, घोडा अडवत नाही. खुंटीवरून निसटून दस्ता जमिनीवर आपटला तरी बार होऊ शकतो. मुलाचा हात पोचत नाही म्हणून सुरक्षित, हेही खरं नाही. चौदा वर्षांच्या पोराला स्टूल सापडतं.

आता हळद. दिरांना दोन गोष्टी सांगा. लग्नसमारंभात निष्काळजीपणे बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे तर परवानाच नाही. दुसरी गोष्ट त्यांना जास्त पटेल. जुन्या विलायती दुनळ्यांत काडतुसाची जागा बऱ्याचदा 65 मिलिमीटरची असते, आजचं काडतूस 70 चं. ही मापं बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची आहेत. न उडवलेलं, तोंडाशी घडी घातलेलं काडतूस आखूड असतं म्हणून ते आत बिनबोभाट बसतं, पण बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यात सात महिने न साफ केलेल्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असेल, तर नळी फुटू शकते, तीही डाव्या हाताजवळ. फुगलेली, हिरवट पितळेची काडतुसं वापरायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, जाळायचीही नाहीत. बंदुकीबरोबर ठाण्यातच द्यायची.

सासूबाईंना वेगळं सांगा. निवडणूक लागली की सासरेही बंदूक ठाण्यात जमा करत असतील, निकालानंतर परत आणत असतील. तेव्हा कुणाची शान गेली नाही. जमा करणं म्हणजे देऊन टाकणं नव्हे. ठाण्याच्या कोठारात गंज चढेल ही त्यांची काळजी मात्र खरी आहे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे भाडं भरून ठेवता येते, तो तेलपाणीही करतो. फक्त कायमची विसरू नका, मुदतीत कुणी दावा केला नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

वारसाच्या नावे परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज, इतर वारसांची ना-हरकत, पोलिसांचा अहवाल, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि शरीराबरोबर मनाच्या तब्येतीचाही डॉक्टरी दाखला लागतो. यजमानांच्या नावे आत्ता अर्ज करू नका. दीर करोत, किंवा परवानाधारकाला रीतसर विका. रानडुकरांसाठी हवी, असं कुणी म्हणालं तर वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई मात्र वनखात्याकडे मागता येते.

यजमानांशी सकाळी, ते शुद्धीत असताना बोला. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, तुम्हीही करू शकता. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे न्या. रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि कधी त्यांनी बंदूक हातात घेतली तर हिसकायला जाऊ नका. मुलाला आणि सासूबाईंना घेऊन बाहेर पडा, 112 लावा.

दिरांना शान दाखवायचीच असेल तर एक काम द्या: बागेच्या विम्याचा दावा कुठे अडकलाय ते बघायला त्यांना तालुक्याला पाठवा. यजमानांच्या डोक्यावरचं तेवढं ओझं तरी कमी होईल.